झेंटाची लढाई आणि थकलेला पगार

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला सॅव्हॉयच्या राजपुत्र युजीनवरचा लेख चवीने वाचला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने फौजेत घ्यायचं नाकारलं म्हणून १६८३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पॅरिसमधून पळालेला हा पोरगा व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग सम्राटाकडे जातो आणि तिशीच्या आत फील्ड मार्शल होतो, हे झकास उतरलंय. पण १६९७ ची झेंटाची लढाई लेखकाने नुसत्या शौर्यावर उरकली, ते खटकलं.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात झाली. पगार लांबला की माणसं खिडकीशी येऊन भांडत नाहीत. मस्टरवर सही करतात आणि पेन आपटून जातात. त्या दिवशी मशिनं चालू दिसतात, माल मात्र निघत नाही.

युजीनने हंगेरीतली फौज ताब्यात घेतली तेव्हा सैनिकांचे पगार थकले होते आणि व्हिएन्नाहून दमडी येत नव्हती. गड्याने कर्ज काढून पगार भागवले, जखमींच्या उपचाराचीही सोय लावली. मग ११ सप्टेंबरला तुर्की सुलतान दुसऱ्या मुस्तफाची फौज तिसा नदी ओलांडत होती, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. अंधाराला जेमतेम दोन तास उरले होते, तरी त्याने हल्ला चढवला. वजीर मारला गेला, सुलतानाचा शिक्कासुद्धा हाती लागला. दिवसभर चालून आलेली ती माणसं बिनपगारी असती तर तशी तुटून पडली असती, असं मला तरी वाटत नाही.

याच व्हिएन्ना दरबाराला सॅम्युएल ओपनहायमर नावाचा सावकार फौजेचा माल उधारीवर पुरवत असे. १७०० मध्ये जमावाने त्याचं घर लुटलं. १७०३ मध्ये तो वारल्यावर दरबाराने कर्ज फेडायचं सोडून त्याच्या पेढीचंच दिवाळं काढलं! लेखात त्याचं नावही नाही.

आपल्याकडे बाजीरावांनी कर्जाबद्दल आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं आहेतच. युजीन १७३६ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला, म्हणजे आमचं आताचं जेल, पोर्तुगीजांकडून घेतला. त्या मोहिमेला पैसा कुठून उभा राहिला, यावर एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावं. जागा कमी पडली, तर या खेपेला युजीनच्या बेल्वेडेर महालाचा छापलात तसला अर्धपानी फोटो गाळावा.

— एक निवृत्त टाइमकीपर, कळवा, ठाणे