मेघदूतातला ‘नभस्’

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

कालिदासाच्या मेघदूताच्या चौथ्या श्लोकातल्या ‘प्रत्यासन्ने नभसि’चा अर्थ तू ‘आकाश जवळ आल्यावर’ असा लावलास, तिथेच गाडं अडलं. इथे नभस् म्हणजे श्रावण. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश म्हणतो, ‘नभः खं श्रावणो नभाः’: नपुंसकलिंगी नभः म्हणजे आकाश, पुल्लिंगी नभाः म्हणजे श्रावण महिना. प्रथमा विभक्तीत फरक दिसतो, पण सप्तमीत दोन्हींचं रूप ‘नभसि’च. तिथे संदर्भच बघावा लागतो. पत्नीपासून दुरावलेल्या यक्षाला घोर आहे तो ऐन पावसाळ्यात पत्नी विरहात कशी तग धरेल याचा, म्हणून महिनाच घ्यायचा.

याच शब्दावरून मोठा पाठभेद झाला, म्हणजे एकाच ओळीचे दोन पाठ निघाले. श्रावण जवळ आलाय, तर यक्षाला मेघ दिसला तो दिवस आषाढाचा शेवटचाच असणार, असं मानून काहींनी दुसऱ्या श्लोकात ‘प्रथमदिवसे’ऐवजी ‘प्रशमदिवसे’, म्हणजे संपण्याच्या दिवशी, असं वाचलं. टीकाकार वल्लभदेवाचा पाठ हाच. दुसरा टीकाकार मल्लिनाथ, त्याने तो खोडून काढला. आपला कालिदास दिन आषाढाच्या पहिल्या दिवशी येतो तो ‘प्रथम’ धरूनच. मला मल्लिनाथ पटतो. आषाढ लागला की पुढचा महिना श्रावणच, ‘जवळ’ म्हणायला तेवढं पुरे.

आकाश आणि पावसाळी महिना एकाच शब्दात आले, कारण नभस्‌चा जुना अर्थ ढग, धुकं, ओल. ऋग्वेदात तो सापडतो. त्याच मुळाचा ग्रीक नेफोस म्हणजे ढग, लॅटिन नेब्युला म्हणजे धुकं. रशियन नेबो मात्र आकाशापर्यंत पोचला. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत वर्षा ऋतूचे दोन महिने नभस् आणि नभस्य, म्हणजे श्रावण-भाद्रपद. आपल्या आभाळाची वाटही हीच: अभ्र म्हणजे ढग, म्हणून ‘आभाळ आलंय’ म्हटलं की छत्री शोधायची.

आता तुझ्या कवितेकडे. ‘नभमंडल’ नको, नभोमंडल कर. मूळ शब्द सकारान्त, म्हणजे स् ने संपणारा; त्या स् चा विसर्ग होतो. पुढे मृदू व्यंजन किंवा अ आला की विसर्गाचा ओ होतो, जसं नभोवाणी, नभोनाट्य. पुढे च आला तर नभश्चर, त आला तर नभस्तल. या नियमाने ‘नभांगण’ही चुकतं, कारण संस्कृतात नभोऽङ्गण होईल. पण मराठीत नभ अकारान्त, म्हणजे अ ने संपणारा, होऊन रुळलाय, ‘नभात’, ‘नभी’ आपण म्हणतोच. ते खुशाल राहू दे.

तुझा,
विनायक