पुठ्ठ्याच्या चौकटीवरचे अक्षर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या स्लाइड्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या रंगीत फिल्मच्या छायाचित्रांचा, डबा तुमच्याकडून साफ होऊन परत आला त्याला आठवडा झाला. तुमचे पैसे मी चुकते केले, पण ऋण फिटलेले नाही, म्हणून हे पत्र.

१९६४ सालच्या या स्लाइड्सनी दापोलीच्या घरातल्या ट्रंकेत साठ पावसाळे काढले. तुमच्याआधी ज्या दुकानात त्या दिल्या होत्या, तिथे बुरशी चढलेल्या फिल्मवर ओले फडके फिरवले गेले. फिल्मवरचे चित्र धरून ठेवणारे जिलेटिन बुरशीने पोखरले की पाण्यात विरघळते, हे फिल्मचे काम करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. हर्णै बंदरावर उभ्या असलेल्या आजोबांचे एकमेव रंगीत छायाचित्र त्या फडक्याबरोबर गेले, आणि वर ‘जुन्या स्लाइड्स अशाच असतात’ हेही ऐकून घ्यावे लागले.

त्या सगळ्याच अशा नसतात, हे तुम्ही दाखवलेत. एकाच ट्रंकेतल्या, कोडॅक कंपनीच्या एक्टाक्रोम फिल्मवरच्या स्लाइड्स लालभडक झाल्या होत्या, तर मामांनी अमेरिकेतून आणलेल्या आणि तिथेच धुऊन घेतलेल्या, त्याच कंपनीच्या कोडाक्रोम फिल्मवर आईच्या शालूचा मोरपंखी रंग जसाच्या तसा होता. कोडाक्रोमचे रंग घडवणारी द्रव्ये फिल्ममध्ये नसत, ती धुताना बाहेरून मिळत, त्यामुळे नंतर कुरबूर करायला आत काही उरत नसे. त्या काळच्या एक्टाक्रोममधला निळा-हिरवा रंग मात्र अंधारातही विरत जाई आणि लाली तेवढी मागे राहे, हे तुम्ही किती शांतपणे समजावलेत! कोडाक्रोमला अंधार मानवतो, प्रोजेक्टरचा दिवा मात्र सोसत नाही, हेही तेव्हाच कळले. दर दिवाळीला भिंतीवर चादर लावून जी स्लाइड आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबवून पाहिली, तीच सर्वांत फिकी निघाली. आई एवढेच म्हणाली, ‘बघण्यात गेली ना, मग चालेल.’

तरीही माझ्या मनात घर करून राहिले आहे ते तुम्ही जपलेले पुठ्ठे. आधीच्या दुकानाने हाताळलेल्या स्लाइड्सच्या चौकटी कचऱ्यात टाकून नवे प्लॅस्टिक चढवले होते. तुम्ही प्रत्येक चौकट एकाच कडेने उकलून, साफ केलेली फिल्म तिच्याच चौकटीत परत बसवलीत, कारण त्यांवर वडिलांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेले तुमच्या नजरेस पडले होते. हे काम तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, बिलातही ते कुठे नव्हते. दुसऱ्याच्या घरातल्या मृत माणसाच्या अक्षराचा इतका मान राखणारी माणसे आहेत, या जाणिवेने मला फार धीर आला.

चौकटीवरचे लिहिलेले भिंतीवर कधी दिसत नाही. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातल्या स्लाइडवर काय लिहिले आहे, हे आईने इतक्या वर्षांत कधी वाचलेच नव्हते. परवा तिने चष्मा लावून ते मोठ्याने वाचले: ‘रुसली आहे, तरी काढला.’

आपली ऋणी,
डबा घेऊन आलेली मुलगी