चढण सगळ्यांना दिसते, उतरण कोण मोजणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक फोटो होता, पहिल्या पावसात बंधाऱ्याखाली गुडघाभर पाण्यात उभी असलेली पन्नासेक माणसं, कुणाच्या हातात पाग, कुणाच्या हातात मच्छरदाणीचा तुकडा, एकाने तर चक्क छत्री उलटी धरलेली, आणि वर मथळा ‘चढणीचे मासे, खवय्यांची चंगळ’. चढणीचे म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे. दरवर्षी हा फोटो येतो, माणसं तेवढी बदलतात. मी तक्रार करायला लिहीत नाहीये, कारण मी त्या फोटोत शोभून दिसेन असाच माणूस आहे. मामाचं गाव वाडा तालुक्यात, वैतरणेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर, आणि दहा-बारा वर्षांचा असताना रात्री बत्ती घेऊन मामाच्या मागे मागे जाऊन मी पण कोयत्याने मासे मारलेत. शिवडा, खवल, मळे, पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म फुगलेली. ती गाबोळी तव्यावर टाकली की शेजारच्या घरापर्यंत वास जायचा, आणि एवढ्या माद्या आपण ओढ्यातच संपवल्या तर पुढच्या वर्षी कोण चढणार हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. मामाला नाही, मला तर नाहीच.

पुढे माझी सगळी नोकरी मुंबईच्या पाण्यावर गेली. तलावाची पातळी बघायची, रजिस्टरमध्ये लिहायची, फोनवर कळवायची, तो आकडा दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात. अजूनही सकाळी चहाबरोबर मी आधी तोच चौकोन बघतो, सात तलाव, एकूण क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, आज इतके टक्के, गेल्या वर्षी याच दिवशी इतके टक्के. सवय म्हणा, व्यसन म्हणा. म्हणून आकड्यांबद्दलच लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलीकडे अमेरिकेत पोर्टलंडला गेलो होतो. जावयाने एका रविवारी कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणावर नेलं. १९३८ चं धरण, शहरापासून तासाभराच्या अंतरावर. मला वाटलं धरणातल्या माणसाला धरण दाखवून हा काय दाखवणार! पण तिथे तळघरात काचेची खिडकी आहे आणि खिडकीपलीकडून सामन मासे चढतायत, एकेक हातभर लांब, पायऱ्यापायऱ्यांच्या पाण्यातून, ज्याला ते फिश लॅडर म्हणतात. आणि ते मासे मोजायला पगारी माणसं ठेवलेली आहेत, ही कुठली जात, ती कुठली जात. धरण झालं त्या वर्षापासून हे मोजणं सुरू आहे, आणि रोजचा आकडा वेबसाइटवर लागतो, आपला तलावांचा चौकोन लागतो ना, तसाच. शेजारी मागच्या वर्षीचा, शेजारी दहा वर्षांच्या सरासरीचा. मी तिथून हललोच नाही, मुलगी बिचारी दोनदा पार्किंगमधून परत आली बोलवायला.

(मधेच एक सांगून टाकतो, आपल्याकडे हॉटेलच्या मेनूवर रावसाला ‘इंडियन सामन’ लिहितात त्याचा आणि या सामनचा काडीचा संबंध नाही. रावस समुद्रातला आणि खाडीतला, चवीला एक नंबर, पण सामन नव्हे. ट्राउट मात्र आपल्या ओळखीचा, काश्मीर-मुन्नारला जाऊन लोक खातात तोच, इंग्रजांनी आणून सोडलेला. तिकडे त्यातलाच एक रेनबो ट्राउट समुद्रात जाऊन मोठा होऊन परत येतो, त्याला स्टीलहेड म्हणतात, आणि त्याच जातीचे बाकीचे जन्मभर नदीतच राहतात.)

तर चढणारे मासे बघून मी खूश होतो, तेवढ्यात तिथली एक बाई म्हणाली की हे सोपं आहे, अवघड ते उतरणाऱ्या पिल्लांचं. हे मला नवीन होतं. सामनची मादी वरच्या ओढ्यात दगडगोट्यांत अंडी घालते, पिल्लं काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं नदीतच वाढतात, आणि मग वसंतात एक वेळ अशी येते की त्यांचा रंग चांदीसारखा होतो, कल्ले खाऱ्या पाण्याला तयार होतात आणि ती समुद्राकडे निघतात, तेव्हा त्यांना स्मोल्ट म्हणतात. ही वेळ ठराविक असते. वाटेत धरणाच्या साचलेल्या पाण्यात अडकून उशीर झाला की अंगातलं घड्याळ पुढे निघून जातं आणि काही पिल्लं समुद्राकडे जायचंच सोडून देतात. आयडाहो राज्यातून निघालेल्या पिल्लाला समुद्र गाठेपर्यंत आठ धरणं लागतात. वीज करणाऱ्या टर्बाइनमधून गेलं तर पाण्याचा दाब एकदम पडतो त्याने मरायचा धोका जास्त, सांडव्यावरून गेलं तर बऱ्यापैकी वाचतं, म्हणून एप्रिल ते जून तिकडे मुद्दाम वीज कमी करून सांडव्यावरून पाणी सोडतात. कधी किती सोडायचं याच्या बैठकीत पिल्लांचे आकडे समोर असतात. जन्मभर पाणी सोडलं आणि अडवलं अशा माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

पिल्लं मोजतात कशी ते जावयाच्या ओळखीने एका उपनदीवर सकाळी सहाला जाऊन बघितलं. दोन तराफ्यांच्या मधे एक भलंमोठं पत्र्याचं नरसाळं आडवं टाकलेलं, तोंड आठ फूट, आत स्क्रूसारखा पडदा, प्रवाहानेच ते गरगर फिरत राहतं आणि आत आलेलं पिल्लू मागच्या पेटीत जाऊन पडतं, वीज नाही, मोटर नाही. त्याला रोटरी स्क्रू ट्रॅप म्हणतात. पिल्लं बहुतेक रात्रीच चालतात, म्हणून सकाळी पेटी उघडायची. दोन पोरं होती, बादलीत थोडं गुंगीचं औषध, एकेक पिल्लू पट्टीवर ठेवून लांबी, मग वजन, मग शुद्धीवर यायला ताज्या पाण्याची बादली आणि परत नदीत. लिहून घेणारी मुलगी ज्या पद्धतीने आकडा मोठ्याने परत म्हणत होती ना, अगदी आमच्या ऑफिसची आठवण आली.

पण नरसाळ्यात आली तेवढीच पिल्लं नदीत आहेत असं थोडंच आहे. तर ते काय करतात, समजा २०० पिल्लांना खूण करतात, रंगाच्या पाण्यात बुडवून किंवा कल्ल्याकडच्या नव्हे, शेपटीच्या पराचा कोपरा कातरून, आणि वरच्या बाजूला थोडं लांब नेऊन सोडतात. त्यातली १० परत नरसाळ्यात आली म्हणजे हे नरसाळं शंभरातली ५ पकडतं. मग एका रात्रीत १५० आली तर नदीतून साधारण ३००० गेली. झालं. हे गणित आपल्या सातवीच्या मुलाला येतं, त्याला अमेरिका लागत नाही. पाणी चढलं-उतरलं की टक्का बदलतो म्हणून ही खूण सारखी सारखी करावी लागते, एवढीच मेख.

दुसरी पद्धत म्हणजे पिट टॅग. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत चिप, बॅटरी नाही, सुईने पिल्लाच्या पोटात घालतात. धरणातल्या पाण्याच्या वाटेला अँटेना असते, मासा त्यातून गेला की त्याचा नंबर पडतो. थोडक्यात माशाचा फास्टॅग, फक्त पैसे कापले जात नाहीत. तोच मासा दोन-तीन वर्षांनी मोठा होऊन वर चढला की परत नंबर पडतो, म्हणजे गेले किती आणि आले किती याचा हिशोब माशागणिक लागतो. शंभर पिल्लं गेली तर निदान २ ते ६ परत यावीत असं तिकडचं ध्येय आहे आणि कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीच्या रानटी, म्हणजे नदीतच जन्मलेल्या, सामनच्या बाबतीत बऱ्याच वर्षी २ सुद्धा येत नाहीत. आणि न आलेली गेली कुठे? तर नदीमुखाजवळ सुरय पक्ष्यांची वसाहत असलेली बेटं आहेत, पक्षी उडून गेल्यावर संशोधक तिथली वाळू यंत्राने धुंडाळतात आणि विष्ठेबरोबर पडलेले टॅग सापडतात, कुठल्या ओढ्यातलं पिल्लू कुणाच्या पोटात गेलं ते नंबरासकट. हे ऐकून मला हसावं की काय तेच कळेना.

आता तिकडे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. कोलंबियावरचंच ग्रँड कूली नावाचं अवाढव्य धरण १९४२ पासून शिडीशिवाय उभं आहे, त्याच्या वरचा सामन संपला तो संपला. १९५७ मध्ये सेलायलो नावाचा धबधबा धरणाखाली बुडाला, तिथले आदिवासी हजारो वर्षं तिथे मासे धरत होते. १९९२ साली आयडाहोच्या रेडफिश तळ्यात सॉकाय जातीच्या सामनचा एकच, हो, एकच नर परत आला, लोकांनी त्याला लोनसम लॅरी नाव ठेवलं. पण मोजत होते म्हणून तो एक आहे हे तरी कळलं! आणि १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश बोल्ट यांनी सरकारशी जुने करार झालेल्या आदिवासींचा पकडण्याजोग्या माशांत निम्म्यापर्यंत वाटा मान्य केला, त्यानंतर मोजदादीला त्यांचीही माणसं बसली. २०२४ मध्ये क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडून झाली आणि त्याच वर्षीच्या शरदात सामन वर पोचले, तेही कळलं कारण बघायला माणूस होता.

आणि हे फक्त गोऱ्यांचं कौतुक नको. आपल्याकडे १९७५ ला फराक्का बंधारा झाला, त्याआधी गंगेत हिलसा, म्हणजे आपला पाला, अलाहाबादपर्यंत चढायचा. आता बराकपूरची केंद्र सरकारची मत्स्यसंशोधन संस्था फराक्क्याच्या वर हिलसा सोडते आणि काहींना टॅगही लावते. म्हणजे विद्या देशात आहे.

आता मुद्द्यावर येतो. वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर अशी तीन धरणं एकाखाली एक, मोडक सागर १९५७ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. त्या उंचच उंच भिंतींना शिडी लावा असं मी वेड्यासारखं म्हणणार नाही, मुंबईला पाणी लागतं आणि ते पाणी मीही पितोय. मी बोलतोय ते खालच्या ओढ्यांबद्दल आणि केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या, बंधाऱ्यांबद्दल. केटी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असतात, म्हणून मासा चढतो, भातखाचरात जाऊन अंडी घालतो, पिल्लं भाताच्या बुडख्यात वाढतात, आणि भाद्रपद-अश्विनात खाचराचं पाणी ओसरलं की ओढ्याने खाली निघतात. चढणीला आपल्याकडे शब्द आहे, रायगडकडे वलगण म्हणतात, या उतरणीला मामाच्या गावात तरी शब्द नव्हता. आणि ऑक्टोबरमध्ये रब्बीचं पाणी अडवायला बरगे टाकतात. गेल्या वर्षी मी गावी होतो, बरगे टाकल्यावर दोन-तीन दिवस वरच्या अंगाला बोटाएवढी पिल्लं थव्याने उभी होती, फळ्यांना तोंड लावून. बगळ्यांची चैन. बरगे आठ दिवस उशिरा टाकले असते तर? किंवा एका गाळ्याचे (दोन खांबांमधल्या जागेचे) खालचे दोन बरगे रात्रीपुरते काढले असते तर? याचं उत्तर मी देऊ शकत नाही आणि पाटबंधाऱ्याचा माणूसही देऊ शकत नाही, कारण किती पिल्लं कुठल्या तारखेला उतरतात याचा आकडाच कुणी लिहिलेला नाही आमच्या ओढ्यावर.

कुणी म्हणेल, सरळ चढणीच्या मासेमारीवर बंदी घाला. नको. बंदी घातली की कातकऱ्याचा पाग जप्त होतो आणि मुंबईहून गाडी घेऊन आलेल्याचा फोटो छापून येतो. उलट मोजायला कातकरीच पाहिजेत, कुठल्या वळणाला कुठल्या रात्री मासा हलतो हे त्यांना जेवढं कळतं तेवढं आमच्या सगळ्या ऑफिसला मिळून कळणार नाही, फक्त त्यांना त्या रात्रींची मजुरी द्या.

येत्या ऑक्टोबरात बरगे पडायच्या आधी पंधरा दिवस मी गावी जाणार आहे. मामेभावाची दोन मुलं, शाळेचे एक मास्तर तयार आहेत, एक गाळा, बारीक जाळी, दोन टब, एक पट्टी, संध्याकाळी सात ते नऊ. मोजायचं आणि लगेच खाली सोडायचं, खायचं नाही, हे मुलांकडून कबूल करून घेतलंय (मास्तरांकडून जास्त). खूण करून टक्का काढायचं काम आमच्याच्याने होणार नाही, तुमच्या वाचकांत कुणी झूलॉजीचे प्राध्यापक असतील तर त्यांनी जरूर यावं, राहायची सोय होईल, भाकरी-कालवण घरचं. रोज रात्रीचा आकडा मी तुमच्या ऑफिसला व्हॉट्सअॅपवर पाठवीन, ओढ्याची पातळी आणि पाऊस सोबत लिहून. तलावांच्या चौकोनाखाली एका ओळीची जागा असते बघा, तिथे छापा. शून्य आला तर शून्य छापा.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त पाणीखाते कर्मचारी,
मुलुंड (पूर्व), मुंबई