भावांना पानं का नाहीत

नाशिक

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ या कादंबरीवरचा तुझा निबंध वाचला. लिहिलंयस नेटकं, पण एका मुद्द्यावर मी अडून बसणार आहे. शिकागोतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत वाढणारी एस्पेरान्झा ही गोष्ट सांगते; तिच्या भावांना, कार्लोस आणि किकीला, लेखिकेनं वाया घालवलं असं तू म्हणतोस. मला ते मुद्दामच केलेलं वाटतं. घरात हे दोघे तिच्याशी आणि धाकट्या बहिणीशी, नेनीशी, भरपूर बोलतात, बाहेर मात्र मुलींशी बोलताना दिसायचं नाही, हे एस्पेरान्झा सुरुवातीलाच सांगून मोकळी होते. मुलगे रस्त्यावर निघून गेले की पुस्तकातूनही जातात. मागे राहतात त्या बायका. अर्पणपत्रिका पाहिलीस का? ‘बायकांना’, एवढंच आहे. आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत. तुम्ही मुलं ते पान उलटून पुढे जाता.

तुझ्या निबंधात घर पानोपानी आहे, खिडकी एकदाही नाही. माझ्या मते सांद्रा सिस्नेरोसनं 1984 साली जे पुस्तक छापलं ते खिडक्यांचंच आहे. एस्पेरान्झाच्या पणजीपासून मोजायला लाग. पणजोबांनी तिला डोक्यावर पोतं टाकून उचलून आणलं आणि ती जन्मभर खिडकीत बसून राहिली. एस्पेरान्झाला तिचं नाव मिळालंय. तिची खिडकीतली जागा तिला नकोय. मग तिसऱ्या मजल्यावरची ममासिता. ती इंग्रजीच्या भीतीनं खाली उतरत नाही, स्पॅनिश रेडिओ लावून खिडकीशी बसते. आणि राफाएला. ती फार देखणी, पळून जाईल या धास्तीनं नवरा तिला कोंडून ठेवतो. मंगळवारी तो डॉमिनो खेळायला गेला की ती वरून एक डॉलर टाकते, आणि खालची मुलं नारळाचा नाहीतर पपईचा रस आणून दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर पाठवतात.

हे वाचताना मला भद्रकालीतला आपला जुना वाडा आठवला. माझी आजी माडीवरून दोरीनं टोपली सोडायची, भाजीवाली त्यात मेथीची जुडी टाकायची. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून. तिच्या दाराला कुलूप कुणी लावलं नव्हतं. पण मेनरोडला एकटीनं जायचं तर आजोबांना विचारूनच, आणि त्यात कुणाला काही खटकायचं नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर मी मेथीबद्दल लिहीन की विचारण्याबद्दल, ते मला ठरवता येत नाही. सिस्नेरोसनं रसाबद्दलही लिहिलंय आणि कुलपाबद्दलही, आणि कुठेही आवाज चढवलेला नाही.

आता एस्पेरान्झाची मैत्रीण सॅली. ती आठवीच्या आधीच लग्न करते, तेही जिथे कायद्यानं चालतं अशा दुसऱ्या राज्यात जाऊन. बापाच्या मारातून सुटायला केलेलं लग्न ते. नवरा तिला फोनवर बोलू देत नाही, आणि खिडकीतून बाहेरही बघू देत नाही. पणजीला निदान खिडकी होती. हा उतार तुझ्या लक्षात यायला हवा होता.

‘कथानक नाही, नुसते तुकडे आहेत’ ही तुझी तक्रारही मला पटली नाही. चव्वेचाळीस प्रकरणं, काही तर अर्ध्या पानाची. संवादांना अवतरणचिन्हंही नाहीत, त्यामुळे कोण बोलतंय ते कळायला थांबावं लागतं. शेजारच्यांबद्दल आपल्याला असंच कळतं ना? सिडकोत इतकी वर्षं राहून समोरच्या ताईंची गोष्ट मला अशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी सांगितलेली नाही. नळावर थोडी, गच्चीवर पापड घालताना थोडी. सिस्नेरोस शिकागोत शाळा अर्धवट सोडलेल्या मुलामुलींना शिकवत असत, त्यांच्या गोष्टीही या पुस्तकात आल्यात. एकाच मुलीची सलग कहाणी केली असती तर राफाएलाला एका वाक्यातही जागा मिळाली नसती.

एक जागा मात्र तू वाचून हसला असशील. एस्पेरान्झा ठरवते की आपण आपलं स्वतःचं युद्ध सुरू करायचं: जेवून पुरुषासारखं उठायचं, खुर्ची आत सारायची नाही, ताट उचलायचं नाही. तिचं बंड एवढंच! मला हसू आलं, मग नाही आलं. तुझ्या बाबांनी आणि तू ते युद्ध न लढताच जिंकलेलं आहे. तिची आई बघ. दोन भाषा येतात, ऑपेरा गाते, टीव्ही दुरुस्त करते, आणि शाळा सोडली ती चांगले कपडे नव्हते म्हणून, लाजेपायी. लेक ताट तिथेच ठेवून उठली तर ते उचलणार हीच बाई. लेखिका याबद्दल काही बोलत नाही. मला बोलायला हवी होती.

शेवटच्या परिच्छेदातलं ‘एस्पेरान्झा गल्लीतून सुटते’ हे वाक्य खोड. पुस्तक संपतं तेव्हा ती तिथेच आहे. एक दिवस वह्या-पुस्तकं बांधून जाईन म्हणते, सगळं भविष्यकाळात, आणि ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी परत येईन असंही म्हणते. तिची मैत्रीण अलिसिया तिला आधीच बजावते की तुला आवडो न आवडो, तू मँगो स्ट्रीटचीच आहेस. ही अलिसिया आई गेल्यावर घराचं लाटणं सांभाळते, दोन गाड्या आणि एक बस बदलून विद्यापीठात जाते आणि रात्री जागून अभ्यास करते. तुझ्या निबंधात तिचं नावही नाही. कार्लोस-किकीचा परिच्छेद कमी कर आणि ती जागा तिला दे. सरांना देण्याआधी मला पाठव.

तुझी,
आई