सोंड लावली म्हणून गाडी पाण्यात घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी जीपगाड्या कशा सज्ज कराव्यात यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला आहे. लेख चांगला आहे, पण त्यात एक ओळ आहे की स्नॉर्केल बसवलं की पाण्याची भीती राहत नाही. ती ओळ वाचून चार दिवसांत तिघं माझ्याकडे आले. तिघांनाही मी काम न करता परत पाठवलं. का पाठवलं, ते सगळ्यांना कळावं म्हणून हे लिहितो आहे. चिपळूणला अठ्ठावीस वर्षं डिझेल गाड्यांचंच काम करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्नॉर्केल म्हणजे इंजिनाची हवा घ्यायची नळी, मडगार्डमधून बाहेर काढून काचेच्या खांबाला धरून छतापर्यंत नेलेली. आमच्याकडची पोरं तिला सोंड म्हणतात. एरवी गाडी हवा घेते ती बॉनेटच्या आतून, हेडलाइटच्या मागून. तिथून पाणी ओढलं गेलं की फिल्टर ओलांडून सरळ सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो तो पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तोच रॉड कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या गॅरेजमध्ये ते पोटमाळ्याला टेकलं होतं. पुढचे दोन महिने मी चिखलातली इंजिनं उघडत होतो. ऑइल सोडलं की दुधाचा चहा सांडावा तसं पांढरट बाहेर यायचं. पाणी उतरल्यावर ज्यांनी चावीला हात लावला नाही, त्यांच्या बऱ्याच गाड्या वाचल्या. इंजेक्टर काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं, दोन-तीन वेळा ऑइल बदलायचं. ज्यांनी "चालू होते का बघू तरी" म्हणून सेल्फ मारला, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे रॉड गेले. पाणी इंजिनाचं काय करतं ते मी असं रोज हातात घेऊन पाहिलं आहे, म्हणून सोंडेची गरज मला नीट कळते. ती मी बसवतोही. पण कोणत्या गाडीला आणि कशी, हा प्रश्न आहे.

दोन वर्षांपूर्वी एका तरुणाची जीप टो करून माझ्याकडे आली. मोरीवरून जेमतेम मांडीभर पाणी होतं. सोंड आहे म्हणून त्याने गाडी घातली आणि मधोमध ती बंद पडली. सोबत त्याची आई होती. गावातल्या लोकांनी दोर टाकून दोघांना बाहेर काढलं. मी बॉनेट उघडलं तर सोंडेचा खालचा रबरी होज फिल्टरच्या डब्यावर नुसता चढवलेला, क्लिप नाहीच. डब्याच्या तळाला पाणी गळून जाण्यासाठी कंपनीनेच एक रबरी तोंड दिलेलं असतं, तेही तसंच उघडं. म्हणजे वर छतापाशी सोंड, आणि गाडी हवा घेत होती खालूनच. दोन रॉड वाकले होते. विम्यातही काही मिळालं नाही, कारण इंजिनासाठी वेगळं कव्हर त्याने घेतलं नव्हतं. ती माऊली गॅरेजच्या बाकावर बसून होती, हात तेव्हाही थरथरत होते. ते मी विसरू शकत नाही.

नीट बसवायची म्हटली तर मला दीड दिवस लागतो. मडगार्डवर आधी टेप लावून कागदी साचा चिकटवायचा, दोनदा मापायचं, मग भोक पाडायचं, कारण एकदा कापलेला पत्रा परत जुळत नाही. कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर आणि रंग. आमच्या खाऱ्या हवेत ती कड एका पावसाळ्यात गंजते. प्रत्येक जोडाला क्लिप आणि सीलंट. डब्याचं तळाचं तोंड बंद. मग गाडी आयडलवर चालू ठेवून सोंडेच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. जोड पक्के असतील तर इंजिन गुदमरतं आणि काही सेकंदांत बंद पडतं. चालूच राहिलं, तर हवा दुसरीकडून येते आहे आणि उद्या तिथूनच पाणी येणार. ज्यांनी बाजारातून सोंड लावून घेतली आहे त्यांनी लावणाऱ्याला आपल्यासमोर एवढं करायला सांगावं.

आणि एवढं करूनसुद्धा गाडी बोट होत नाही. फोर्सची गुरखा कारखान्यातूनच सोंड लावून येते. तिची हवा छताच्या उंचीवरून जाते, तरी कंपनी पाण्याची मर्यादा सांगते ७०० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास. नव्या थारची ६५० मिलिमीटर. कारण पाण्यात फक्त इंजिनच नसतं. अल्टरनेटर असतो, वायरिंग असतं. तापलेला डिफरेन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे त्या डब्याच्या हवा जाण्यायेण्याच्या छोट्या तोंडातून, आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. म्हणून ब्रीदरलाही नळी लावून ती वर न्यावी लागते. हे काम कोणी मागत नाही, कारण ते बाहेरून दिसत नाही. शिवाय ही मापं साचलेल्या पाण्याची. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी अख्खी जीप उचलून नेतं, आणि त्याला सोंड काही करू शकत नाही.

खरं तर सोंडेचा रोजचा फायदा धुळीत आहे. माझे दोन गिऱ्हाईक चिरेखाणीच्या रस्त्यावर गाड्या चालवतात. उंचावरची हवा स्वच्छ असते, त्यामुळे त्यांचे फिल्टर पूर्वीपेक्षा जास्त टिकतात. त्यांच्यासाठी मी ती आनंदाने बसवली. आमच्या वाडीतल्या मुलांची एक जुनी जीप आहे, पावसात आजारी माणसांना आणायला तीच जाते. तिलाही बसवली, ब्रीदरसकट, मजुरी न घेता.

पण या मुलांची अडचण वेगळीच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. नियम मला मान्य आहे. बेफाम बदल केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण रस्त्यावर सोंड बघून एक अधिकारी अडवतो, दुसरा सोडून देतो. शोभेची सोंड आणि पक्की सोंड यांत कोणीच फरक करत नाही.

म्हणून परिवहन विभागाला माझी विनंती आहे. पूरग्रस्त तालुक्यांत मदतीसाठी वापरायच्या गाड्यांची सोंड मे महिन्यात तपासून द्यावी. तळहाताची ती चाचणी घ्यावी, ब्रीदर बघावेत आणि पास झालेल्या गाडीची नोंद तिच्या आरसी पुस्तकात करावी. पाच मिनिटांत होणारं काम आहे. आणि आपल्याला विनंती, ती ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी, पाऊस सुरू व्हायच्या आत.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक
चिपळूण, जि. रत्नागिरी