अकरा ते बारा, बाळाची आंघोळ

आदरणीय ताई,

गेल्या महिन्यात तुमच्या निरोप समारंभात सगळे तुमच्या शिस्तीबद्दल बोलले, टार्गेटबद्दल बोलले, एकाने शेरसुद्धा म्हटला. माझी पाळी आली तेव्हा घसा दाटून आला आणि नुसतं 'थँक यू मॅडम' म्हणून मी खाली बसलो. म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, तुम्ही रागवाल.

आमची लेक एप्रिल २०२० मध्ये झाली. तेव्हाचं इंदूर ज्यांनी पाहिलं त्यांना फार सांगायला नको. २२ मार्चला राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी जमली, आणि मार्च संपेपर्यंत किराणा-भाजीची दुकानंसुद्धा बंद. पहिलं बाळंतपण माहेरी, अमरावतीला व्हायचं होतं. ना ही तिकडे जाऊ शकली, ना सासूबाई इकडे येऊ शकल्या. माझी आई आधीच गेलेली. मालिशवाल्या बाई ठरवल्या होत्या, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लागलं. डिंक-खारीक तर सोडाच, ओवा मिळाला तरी सण.

तुमच्याआधीच्या साहेबांकडे सुट्टी मागितली होती. ते म्हणाले, 'अरे भिया, घर पे ही तो है, छुट्टी किस बात की?' कायद्याने त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. खाजगी नोकरीतल्या बापाला मात्र कायदा एक दिवसही देत नाही. खालच्या मजल्यावरचे दादा रेल्वेत, त्यांना त्यांच्या मुलाच्या वेळी १५ दिवस मिळाले होते. हिच्या ऑफिसची तर और तऱ्हा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामाला लावायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय. पण टाके ओले असतानाच तिकडून फोन: 'एक छोटीशी एक्सेल आहे, घरीच तर आहात.' घरीच तर आहात! त्या वर्षी हे वाक्य जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा डोकं फिरलं.

मग आमची टीम तुमच्याकडे आली. पहिल्याच फोनवर तुम्ही कामाचं सोडून विचारलंत, 'बाळाला आंघोळ कोण घालतं?'

मीच घालत होतो. फोन बादलीला टेकवलेला, त्यात अमरावतीहून सासूबाई. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला पोटऱ्यांवर पालथं घ्यायचं. 'अहो, नाकात पाणी जाईल, हात आडवा धरा!' मग अंग टिपून टाळू भरायची, शेक-शेगडी, वेखंड-ओव्याची धुरी. आणि नेमका अकराला क्लायंटचा कॉल. कॅमेरा बंद, हात तेलकट, म्यूट उघडायला कोपर.

दुसऱ्या दिवशी टीमच्या कॅलेंडरवर माझ्या नावापुढे तुम्ही लिहून टाकलंत: अकरा ते बारा, बाळाची आंघोळ. 'पर्सनल' नाही, 'बिझी' नाही. मुंबईचे वरचे साहेबही ते कॅलेंडर बघतात हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. त्या तासाचा कॉल तुम्ही स्वतः घेत राहिलात. एकदा मुंबईकरांनी माझी चौकशी केली तर म्हणे तुम्ही सांगितलंत, 'आंघोळ आटोपली की येईल.' हे मला तुम्ही कधीच बोलला नाहीत, दुसऱ्यांकडून कळलं.

ताई, रजा मिळाली असती तर मी उपकार मानून घेतली असती. पण हे लिहिल्यामुळे माझी चोरी संपली. इतके दिवस मी पोरीला न्हाऊ घालत होतो ते गुन्हा केल्यासारखा, दार लावून. महिनाभरात टीममधल्या एकाने कॅलेंडरवर 'वडिलांचं डायलिसिस' लिहिलं. तो कितीतरी दिवस 'नेटवर्क नाही' सांगून हॉस्पिटलात बसत होता, आम्हाला पत्ताच नाही.

त्या काळात मोठी मनं पुष्कळ दिसली, रात्री-अपरात्री सिलिंडर घेऊन धावणारी माणसं याच शहरात पाहिली. त्यांना दंडवतच. पण समोरचा माणूस घरी आहे म्हणजे रिकामा नाही, एवढं कळणारा साहेब मला एकच भेटला. कंपनीने पुढे बापांच्या रजेचं धोरण काढलं, हसऱ्या बापाचं पोस्टर लावलं. त्याच्या हातात बाळ कोरडं ठणठणीत होतं. असो.

लेक आता शाळेत जाते, मराठी बोलते पण भांडते अस्सल इंदुरी हिंदीत. रविवारी सकाळी रामबागेत या. पोहे ही करील, जिलबी मी आणतो. तुम्हाला साखर आहे, तरी आणणार. आणि आता रिटायर झालात, 'कामं आहेत' चालणार नाही.

तुमचा,
चिमीचा बाबा