स्लिमसाहेबांविषयी आजोबांना पत्र

लंडन, १४ डिसेंबर

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

१९७० साली आजच्याच तारखेला, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेल्या चौदाव्या सैन्याचे सेनापती फील्ड मार्शल विल्यम स्लिम इथे लंडनमध्ये वारले आणि ती बातमी कळली त्या रात्री तुमच्या वडिलांनी अन्नाला हात लावला नाही, असे तुम्ही सांगत आला आहात. लहानपणी मला त्याचे नवल वाटे, थोडा रागही येई. मे १९३० मध्ये ज्या सोलापुरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लादला, ज्या गावच्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले, त्या गावच्या माणसाने एका गोऱ्या सेनापतीसाठी उपाशी राहावे, हे चार पुतळ्यांवरून शाळेत जाणाऱ्या मुलाला पटणारे नव्हते.

व्हाइटहॉलवर संरक्षण मंत्रालयाबाहेर त्यांचा पुतळा आहे. डोक्यावर ब्रह्मदेशातली रुंद कडांची हॅट, अंगावर साधा लढाईचा वेष. तो उभा राहायला १९९० साल उजाडले. ‘विसरलेले सैन्य’ म्हटल्या गेलेल्या त्या चौदाव्या सैन्याच्या सेनापतीलाही ताटकळावे लागले, एवढेच म्हणतो.

अलीकडे मी त्यांच्याविषयी बरेच वाचले आणि पणजोबांचे वागणे उलगडत गेले. १९४२ मध्ये जपान्यांपुढे ब्रह्मदेशातून सुमारे ९०० मैल माघार घ्यावी लागली, तिचे खापर त्यांनी शिपायांवर फोडले नाही. स्वतःच्या चुका त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवल्या. चौदाव्या सैन्यातले बहुसंख्य जवान हिंदुस्थानी होते आणि गुरखा पलटणीत वाढलेला हा अधिकारी त्यांच्याशी हिंदुस्थानीत नाहीतर गुरखालीत बोले. आघाडीवरच्या तुकडीला अर्ध्या शिध्यावर राहावे लागले, की आपल्या मुख्यालयालाही ते अर्ध्या शिध्यावर ठेवीत. पोटासाठी भरती झालेल्या माणसाला ही गोष्ट किती कळली असेल, ते तुम्हाला मी काय सांगावे!

ही माया भाबडी मात्र नव्हती. १९४३ मध्ये जखमी होऊन मागे आणलेल्या एका माणसामागे आजारी पडलेले १२० होते आणि त्यांत हिवतापाचे फार. हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळीने कातडी पिवळी पडे, पुरुषत्व जाते अशी आवई उठलेली, त्यामुळे जवान ती गुपचूप थुंकून टाकीत. स्लिमसाहेबांनी अचानक तपासणी लावली आणि ज्या पलटणीत ९५ टक्क्यांहून कमी जणांनी गोळी घेतलेली आढळे, तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचे ठरवले. तिघांना काढल्यावर बाकीचे आपोआप सुधारले. शिक्षा शिपायाला नाही, साहेबाला! पणजोबा हे सांगताना खुदकन हसत, असे आजीकडून ऐकले आहे. आणखी एक गोष्ट गिरणगावच्या माणसाला रुचेल अशी: पॅराशूटच्या छत्र्यांसाठी रेशीम मिळेना, तेव्हा त्यांच्या लोकांनी कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या आणि विमानातून शिधा टाकला.

मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा पलटणीची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाण्यावाचून लढली. तिथल्या त्या दिवसांमुळे जपान्यांची वाट अडली आणि इंफाळ-कोहिमाच्या लढाईची तयारी करायला अवधी मिळाला. त्याच मोहिमेत पलीकडे नेताजींची आझाद हिंद सेना होती, हे पणजोबांना पुढे आयुष्यभर बोचत राहिले असावे. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत, असे तुम्हीच म्हणता. सरकार त्यांचे नव्हते, सेनापती मात्र त्यांचा होता. या दोन गोष्टी त्यांनी एकाच मनात कशा वागवल्या, ते मला अजून पुरते उमगलेले नाही, पण आता राग येत नाही.

एक काम आहे. पणजोबा चौथ्या बटालियनमध्येच होते का, याची खात्री करायची आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचे डिस्चार्जचे कागद असतील, तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून बाबांकडून पाठवावेत. शिक्क्यावरचा नंबर नीट वाचता यायला हवा. कागद फार जीर्ण झाले असतील तर उलगडू नका, मी मार्चमध्ये येणारच आहे.

आजीला साष्टांग नमस्कार. थंडीत सकाळी सिद्धेश्वराला जाताना कानटोपी घालावी.

आपला आज्ञाधारक नातू